डाव्या भिंतीतला ठोका

पाण्याची कॅन रिकामी झाली म्हणून चैत्राम भुयाराबाहेर आला. सकाळचे अकरा वाजले असतील. आत जगदीश, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, एकटाच छिन्नी-हातोडी घेऊन बसला होता. कालसारखं कोमट पाणी आणलंस तर तुझ्याच डोक्यावर ओतीन, असं दाजींनी मागून बजावलंही होतं. चैत्राम हसत हसत टँकरपाशी गेला, कॅन नळाखाली धरली, आणि पाठीमागे डोंगर एकदा खाकरला. हो, खाकरलाच. धडाडधूम वगैरे काही झालं नाही. वळून बघतो तर भुयाराच्या तोंडातून पिठासारखी पांढरी धूळ बाहेर येत होती.

लोक म्हणतात, पाण्यानं चैत्राम वाचला. तो स्वतः असं कधी म्हणत नाही.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला हा डोंगर. बाहेरून नुसता काळा, कुरूप खडक. आत मात्र ठिकठिकाणी बंद पोकळ्या, आणि पोकळीत गारगोट्या. दुधासारख्या पांढऱ्या, फिक्या गुलाबी, पोपटाच्या पिसासारख्या हिरव्या. कागदोपत्री त्यांना स्टिल्बाइट, अपोफिलाइट अशी जीभ अडखळवणारी नावं आहेत. आजे-पणजे तिथं खणत आले, त्यांची भुयारं कुठं सुरू होतात नि कुठं संपतात हे धड कुणालाच ठाऊक नाही.

आत कुणी हाक मारत नाही, हे तिथलं पहिलं शिक्षण. हाकेनं सैल दगड सुटतात. म्हणून बोलायचं ते हातोडीनं. एक ठोका म्हणजे ऐकतोय. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे मी इथं आहे, ये. माणसाचं तोंड खोटं बोलेल, हातोडी बोलणार नाही, असं तिथले म्हातारे सांगतात. चैत्राम बारा वर्षं याच भरवशावर आत जात होता नि बाहेर येत होता. तुम्ही-आम्ही असतो तर आपणही तेच केलं असतं.

बातमी लागताच बहीण रेशमा धावत आली. पायात चप्पल नाही, हात कणकेनं भरलेले. ती रडली नाही. भावाचा दंड धरून एवढंच म्हणाली, "चैत्राम, त्यासले बाहेर काढ. मी तुले दुसरं काही मांगत नही."

मुकादम छगननाना ड्रिल मशीन घेऊन आले. गावातली चौदा माणसं जमली. धुळ्याहून खनिज खात्याच्या वृषालीबाई योगायोगानं त्याच दिवशी पाहणीला आलेल्या होत्या, त्यांनी जुना नकाशा पसरला. ढिगाऱ्यापर्यंत जाता येत होतं. तिथून पुढं भुयार उजवीकडे वळत होतं. डावीकडे नुसता अखंड खडक.

मशीन एकच होतं. छतातून सतत खडे गळत होते, दोन्हीकडे एकदम हात घातला असता तर उरलंसुरलं खाली आलं असतं. बाई म्हणाल्या, उजवीकडे खणा.

पण चैत्रामनं रिवाजाप्रमाणे आधी हातोडी घेतली. ढिगाऱ्याजवळच्या खडकावर तीन ठोके दिले, नि श्वास रोखून उभा राहिला. आत ओल्या मातीचा नि दगडाच्या भुकटीचा वास कोंडलेला. कुणीतरी बॅटरी विझवली, उगाच, जणू उजेडानं ऐकू येणार नाही.

ठक्. ठक्. ठक्.

डाव्या भिंतीतून.

चौदाच्या चौदा माणसांनी ऐकलं. छगननानांचे डोळे भरून आले. चैत्रामनं एक ठोका दिला, तिकडून एक आला. दोन दिले, दोन आले. बाई पुन्हापुन्हा सांगत होत्या की तिकडे भुयारच नाही, माणूस तिथं पोहोचेल कसा? चैत्राम चिडला. दाजी जिवंत आहेत, हाका मारताहेत, आणि तुम्ही मला कागद दाखवता? बाई गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

साडेअकरापासून माणसं डावीकडे भिडली. हातांना फोड आले, फोड फुटले. मध्ये मध्ये मशीन थांबवून चैत्राम ठोका द्यायचा, नि प्रत्येक वेळी उत्तर यायचं. जवळ. आणखी जवळ. बाहेर जाऊन तो बहिणीला सांगून यायचा, अक्का, आता हातभर राहिलं, आता वीतभर. सव्वाचारला पहार आत गेली आणि भोक पडलं.

आत पोकळी होती. चार माणसं बसतील एवढी. भिंतींवर सुईसारख्या बारीक पांढऱ्या गारगोट्या उगवलेल्या, फुंकरीनं मोडतील अशा. एकही मोडलेली नव्हती. कुठून वाट नाही, फट नाही. दाजी नाहीत. फक्त आपल्या बाजूच्या भिंतीवर तळहाताएवढा तुकडा उघडा होता, आणि तो झिजून पाट्यासारखा गुळगुळीत झाला होता. चैत्रामनं त्याला बोट लावलं आणि झटक्यानं मागे घेतलं. दगड कोमट होता.

त्यानंतर ठोका आला नाही.

मग मशीन उजवीकडे वळलं. उजवीकडचा ढिगारा भुसभुशीत निघाला. तासाभरात वाट झाली. तासाभरात! जगदीश तिथंच होता. मांडीवर शिळा, डोळे उघडे, अंग अजून गरम. शिरपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की रक्त हळूहळू गेलं आहे, बाहेर काढलं तेव्हा जीव जाऊन फार तर तास झाला असेल. दुपारीच काढलं असतं तर वाचला असता, हे त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. चैत्राम व्हरांड्यातल्या बाकावर बसून नुसता आपल्या हातांकडे बघत होता. ह्या हातांनी दाजी मारले, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

पोलिसांनी जगदीशचा मोबाइल वृषालीबाईंकडे दिला, त्याच्या बायकोला द्या म्हणून. डोंगरात रेंज नसते. पण त्यानं आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. रेशमा म्हणाली, लावा. बाईंनी लावला.

आधी नुसता श्वास. मग जगदीशचा आवाज, थकलेला. पाय अडकलाय, हातोडी दगडाखाली गेली, रेशमा घाबरू नको. मग लांबून तीन ठोके, चैत्रामचे. आणि लगेच तीन ठोके उत्तरादाखल.

"चैत्राम... मी नही ठोकी राह्यनू. मना हातमा काहीच नही. तुले कोन जवाब दी राह्यनं रे?"

पुढं कितीतरी वेळ तो ओरडत होता, ढिगाऱ्याअलीकडे कुणालाच ऐकू न आलेलं. इकडे ये, उजवीकडे ये, तिकडे मी नाही. चार-साडेचार तास. बाई ते पुढं पुढं सरकवत होत्या. आवाज बारीक होत गेला. रेशमा भिंतीला टेकून खाली बसली, पण ऐकत राहिली. चैत्रामनं तोंडात उपरणं कोंबलं होतं.

मग शांतता. रेकॉर्डिंग सुरू झाल्याची वेळ फोनवर होती, त्या हिशेबानं इथं चार वाजून सतरा मिनिटं. त्या वेळी चैत्राम डाव्या भिंतीच्या भोकात कंबरेपर्यंत वाकला होता, चौदा माणसांच्या डोळ्यांसमोर. रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी अगदी जवळ, फोनला तोंड लावल्यासारखं, बोललं.

"दाजी, मी उनू."

आणि जगदीश. चैत्राम आला म्हणून केवढा सुटल्यासारखा आवाज होता त्याचा.

"उना का रे भाऊ... दे, हात दे..."

नंतर काही नाही.

बाईंनी ते पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तोच घोगरा सूर, दाजी म्हणताना शेवटी हेल काढायची तीच लहानपणापासूनची सवय. रेशमानं मान वर करून भावाकडे पाहिलं.

"अक्का," चैत्राम म्हणाला, "अक्का, तो मी नही."

तो आवाज ऐकताच रेशमा उठली आणि मागे सरकत सरकत वृषालीबाईंच्या आड जाऊन उभी राहिली.