उरलेलं आणि खाल्लेलं

मंगळावरच्या लोहितवाडीत, मृदादालनाच्या कोपऱ्यात, कोंबड्यांचे खाद्य ठरवणाऱ्या नत्रतोल यंत्राचे पिंप फिरून थांबले आणि काचेवर आकडा उमटला. अकरा.

"आजही अकराच," सुनंदा ठोंबरे म्हणाली. वसाहतीतल्या कोंबड्यांच्या आहाराचे काम तिच्याकडे होते. "काका, इकडे या. सामान राहू द्या."

केळुसकर मातीचे नमुने घ्यायच्या आपल्या नळ्या खोक्यात भरत होते. या दालनातली लाल माती जिवंत करायची म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षे घातली होती. पृथ्वीवरून आणलेली गांडुळे त्यांनी इथे सोडली होती. पण कोंबड्यांची पिल्ले आत फिरू लागली त्याच सुमारास मातीत एकही गांडूळ सापडेनासे झाले. माती मेली, असे ठरले. शनिवारी वसाहतप्रमुख मोहितेबाई दालनाला टाळे लावणार होत्या. इथली हवा आणि ऊब गोदामाला जाणार होती.

"तुझं यंत्र बिघडलंय," ते मान वर न करता म्हणाले. "अंड्यावर न आलेल्या वाढत्या तलंगांना शंभरात सोळा भाग प्रथिनं लागतात, हे तूच मला शिकवलंस. अकरावर त्यांनी एव्हाना एकमेकींची पिसं उपटायला हवीत."

"उपटतायत का?"

तेवढ्यात एक ठिपक्यांची तलंग टुणकन उडून खुराड्याच्या छपरावर, माणसाच्या डोक्याच्याही वर जाऊन बसली. मंगळावर वजन कमी, त्यामुळे कोंबडीची उडीही मोठी.

"या चांदणीकडे बघा. पिसं चकचकीत, छाती भरलेली. ही उपाशी दिसते?"

केळुसकरांनी मान वर करून छपराकडे पाहिले.

"कोंबडीला जास्तीची प्रथिनं साठवता येत नाहीत," सुनंदा म्हणाली. "वाढीला लागतील तेवढी ती वापरते, बाकीच्या प्रथिनांतलं नत्र विष्ठेतल्या पांढऱ्या भागातून टाकून देते. नत्रतोल ते पांढरं मोजतो. जास्त निघालं की तिच्या खाद्यातली प्रथिनांची शेवाळभुकटी कमी करतो, कमी निघालं की वाढवतो. पायातल्या कडीवरून प्रत्येकीचा हिशेब वेगळा. आता सोळाची गरज असताना तो सगळ्यांना अकराच देतोय, म्हणजे बाकीचं त्यांना दुसरीकडून मिळतंय. दालन चारी बाजूंनी बंद, बाहेर मंगळ. मग कुठून?"

"मातीतून म्हणतेस? अगं, मी रोज मोजतो."

"कधी मोजता?"

"संध्याकाळी. दिवसा या बया नळ्या पळवतात. त्या खुराड्यात गेल्या की मग मी..."

हातातली नळी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"तुम्ही उरलेलं मोजता, काका. माझं यंत्र खाल्लेलं मोजतं."

"म्हणजे माझी होती नव्हती ती गांडुळं तुझ्या कोंबड्यांनी फस्त केली. यात एवढं नाचण्यासारखं काय आहे?"

"फस्त केली असती तर आकडा परत सोळावर चढला असता. महिना झाला, तो अकरावरून हलत नाही. जेवढी रोज खाल्ली जातात तेवढी रोज खोलवर नवी होतात आणि वर येतात. मेलेली माती हे करते का?"

केळुसकर खोक्यावरच बसले. मग उठले. मग पुन्हा बसले.

"मोहितेबाई म्हणतील, यंत्र बिघडलं."

"म्हणून बाकीच्या सगळ्या कोंडायच्या, एकटी चांदणी बाहेर ठेवायची. यंत्र बिघडलं असेल तर सगळ्यांचे आकडे अकरावरच राहतील."

कोंडलेल्या तलंगांनी शनिवारपर्यंत दालन डोक्यावर घेतले. मोहितेबाई आल्या त्या टाळे हातात घेऊनच.

"आकडे नंतर," त्या म्हणाल्या. "आधी मला जिवंत काहीतरी डोळ्यांनी दाखवा."

केळुसकर गुडघ्यांवर बसले. खुरप्याचा पहिला घाव रिकामा गेला. दुसऱ्या घावाला ओल्या ढेकळातून काहीतरी वळवळले. त्यांनी ते तळहातावर घेतले आणि उठून हात दिव्याखाली उंच धरला. बारीक, गुलाबी गांडूळ होते.

"इथं जन्मलंय बाई हे," ते म्हणाले. "यानं पृथ्वी पाहिलेली नाही."

मोहितेबाई चष्मा चाचपत होत्या. त्यांनी तो नाकावर चढवला आणि त्याच क्षणी ठिपक्यांचा एक झोत सरळ वर उडाला. तळहात रिकामा झाला. चांदणी छपरावर बसून चोच घासत होती.

"मला काही दिसलं नाही," मोहितेबाई म्हणाल्या.

केळुसकर पुन्हा खुरपे उचलू लागले. सुनंदाने त्यांचा हात धरला.

"थांबा काका. जिनं खाल्लं तिचाच आकडा बघू."

पिंप फिरू लागले. कोंडलेल्या तलंगांचे आकडे एकामागून एक उमटले. सोळा, सोळा, सोळा. शेवटी चांदणीची पाळी आली. आठ.

"आठ म्हणजे नुसतं धान्य," सुनंदा म्हणाली. "भुकटी शून्य. एकटीला रान मोकळं मिळालं, आता तिला आपल्याकडून प्रथिनांचा कणही नकोय. आणि ती एकटी खाऊन खाऊन किती खाणार? म्हणून तर दुसऱ्याच घावात गांडूळ निघालं."

मोहितेबाईंनी काचेवरच्या आकड्यांवरून बोट फिरवले.

"यांना कोंडून ठेवलं तर भुकटी वाढवावी लागेल?"

"लागेल. माती गांडुळांनी भरेपर्यंत."

"वाढवा. आमच्या जेवणातली घ्या."

त्यांनी टाळे उचलले, पण दालनाच्या दाराकडे न जाता त्या खुराड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"केळुसकर, बघत काय राहिलात? त्या बयेला खाली उतरवा. तिच्यासकट खुराड्याला टाळं लावायचंय मला."