एकाच चौरंगावर तीन वैद्य

एका सुपारीएवढ्या दगडाने तीन वैद्य एका झटक्यात मारले. तिघेही हुबेहूब एकसारखे, आणि तिघांना ठेवलं होतं तेच मुळी यासाठी की एक गेला तर दुसरा असावा आणि दुसरा गेला तर तिसरा. मग तिघे एकदम गेले कसे? मंगळावरच्या लालवाडीत राहणाऱ्या ऋजुताला हे कोडं पडलं, तेव्हा तिचा आठ महिन्यांचा भाऊ कैवल्य आईच्या मांडीवर निळा पडत चालला होता. त्यामुळे हे कोडं तिने काही गंमत म्हणून सोडवलं नाही.

वैद्य म्हणजे कोणी माणूस नव्हे बरं का. लालवाडीच्या सभागृहात एक मोठा संगणक होता आणि त्याच्या पोटात तीन आभासी यंत्रं (खऱ्या यंत्राच्या आत राहणारी, नुसत्या आज्ञांनी बनलेली यंत्रं) नांदत होती. एकाच घरात तीन भाडेकरू राहावेत, तशी. एक हवा सांभाळायचं, दुसरं पाणी, आणि तिसरे वैद्यकाका. कोणी कोणाच्या चुलीत नाक खुपसत नसे. शिवाय अशा भाडेकरूला त्याच्या सगळ्या संसारासकट उचलून दुसऱ्या संगणकात नेऊन बसवता येई.

कैवल्यचं काळीज जन्मापासून अधू. औषधाचे किती थेंब द्यायचे, ते वैद्यकाका रोज त्याच्या श्वासावरून ठरवत. कमी पडले तर धाप, जास्त झाले तर काळीज मंद. आठ महिन्यांत त्यांनी त्या पोराची नस न् नस ओळखली होती.

आणि मग खंडेनवमी आली. मंगळावर गेलो म्हणून रीत सोडायची असं थोडंच आहे! पृथ्वीच्या पंचांगाप्रमाणे लालवाडीतही त्या दिवशी हत्यारं, अवजारं, यंत्रं पुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं, काचघरातला झेंडू घालायचा आणि त्यांना दिवसभर विश्रांती द्यायची. वाडीचे मुख्य अभियंते ऋजुताचे आजोबा, म्हणजे आबा. एरवी ते काटेकोर माणूस. पण त्या दिवशी त्यांना चौरंग भरलेला हवा होता. वैद्यकाकांची दुसरी प्रत होती पलीकडच्या बोगद्यातल्या संगणकात, तिसरी वाडीच्या टोकाला एका डब्यात. संगणक बंद करून आबांनी तो आणला आणि डबाही आणला. दोन्ही सभागृहातल्या मोठ्या संगणकाशेजारी चौरंगावर मांडले.

हवापाण्याची दुसरी प्रत सांभाळणाऱ्या इंदूमावशी मात्र अडून बसल्या. "पूजा जागेवर करीन, हळदकुंकू जागेवर वाहीन. पण माझं यंत्र हलवायचं नाही आणि बंदही करायचं नाही."

"अगं, एका दिवसानं काय होतंय?" आबा हसून म्हणाले.

जे व्हायचं ते त्याच दुपारी झालं. आरती आटोपून सगळे जेवायला गेले होते. आकाशातून आलेला दगड सभागृहाचं छप्पर फोडून मोठ्या संगणकाच्या बॅटरीवर आदळला. बॅटरी पेटली आणि शेजारचा चौरंग हारांसकट जळाला. दारं आपोआप बंद झाली. वाडीतली हवा क्षणभर थांबली आणि लगेच पुन्हा वाहू लागली. माणसं वाचली. वैद्यकाका गेले.

पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी मदत केली, पण त्यांनी कैवल्यला कधी पाहिलेलंही नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्याला धाप लागली. शेवटी कोणाला तरी आठवलं की ज्या यानातून सगळे मंगळावर उतरले, ते टेकडीमागे उभं आहे आणि त्यात वैद्यकाकांची एक जुनी प्रत पडली आहे. ती आणून इंदूमावशींच्या संगणकात जागी केली. ओळखीचा, मायेचा आवाज आला आणि ऋजुताला रडूच फुटलं.

"वसुधाताई," वैद्यकाका तिच्या आईला म्हणाले, "सातवा महिना लागला ना? आता ओझं उचलू नका हं. बाळ पोटात मजेत आहे."

आईने मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं.

ऋजुता बाहेर आली. आबा बोगद्यात भिंतीला टेकून बसले होते. "आबा, तीन होते ना? मग हे असं काय बोलतायत?"

आबा नीट, सावकाश सांगू लागले. "ऋजू, बोगद्यात होती ती प्रतिकृती (क्षणाक्षणाला मूळ यंत्राबरोबर बदलत जाणारी जुळी). बाई शुद्धलेखन सांगतात आणि दोन मुली एकदमच लिहितात, तसं. एकीची वही फाटली तरी दुसरीची पूर्ण असते."

"मग डब्यातली कशाला?"

"बाईंनीच चुकीचं सांगितलं तर? दोघी चुकीचंच लिहिणार. म्हणून डब्यात जतनप्रत (एका क्षणी काढून बाजूला ठेवलेली, नंतर न बदलणारी). चूक झाली की तिच्याआधीची वही उघडायची. पण त्या क्षणानंतरचं तिला काही ठाऊक नसतं. यानातली प्रत कैवल्य जन्मायच्या आधीची आहे, पोरी."

"आणि हवा कशी चालू राहिली?"

"तिला म्हणतात उपलब्धता (काही बिघडलं तरी सेवा मिळत राहणं). इंदूकडची जुळी जागी होती. इकडचं यंत्र गप्प झालेलं दिसताच तिनं कारभार हाती घेतला. वैद्यकाकांच्या जुळीला मी हार घालून निजवलं होतं."

ऋजुताला कोडं उलगडलं. "म्हणजे तीन प्रती एका चौरंगावर ठेवल्या की..."

"एकच होते. एक दगड पुरतो," आबा म्हणाले. "शिकवायचो मीच सगळ्यांना. आणि केलंही मीच."

पुढचे दिवस वाईट गेले. वैद्यकाकांना कैवल्य मुळापासून शिकावा लागला. एक थेंब वाढवायचा आणि वाट बघायची. एकदा अंदाज चुकला आणि बाळाचा श्वास थांबलाच. तो परत आला, पण तेवढ्यात व्हायचं ते नुकसान होऊन गेलं. कैवल्य वाचला. त्याच्या डाव्या हातातला जोर गेला. आबांना वाडीत कोणी शब्दाने दुखवलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं.

पुढच्या खंडेनवमीला चौरंगावर कोयते, नटबोल्टचे पाने, हातोड्या एवढंच होतं. यंत्रांची पूजा जिथल्या तिथे झाली. नवा डबा आता टेकडीमागच्या यानात असतो आणि रोज रात्री त्यात वैद्यकाकांची ताजी प्रत भरली जाते. आबा, ऋजुता आणि तिच्या कडेवर कैवल्य असे तिघे एक झेंडूचं फूल घेऊन बंद गाडीतून तिकडे गेले. फूल वाहून झाल्यावर ऋजुताने डब्यातली प्रत यानातल्या छोट्या संगणकात जागी केली. हे ती दर आठवड्याला करते. जी प्रत कधी उठवून पाहिली नाही, ती आहे असं धरून चालायचं नाही, हे तिनेच आबांना बजावलं आहे.

"वैद्यकाका, आमच्या घरात कोण कोण आहे?"

"आबा, वसुधाताई, तू आणि कैवल्य. त्याला चार थेंब, सकाळी. डाव्या हाताचा व्यायाम चुकवू नका. आणि ऋजू, त्याला झेंडू खायला देऊ नकोस. परवा दिला होतास."

आबा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. ऋजुताने कैवल्यच्या डाव्या तळहातात आपलं बोट ठेवलं. असं ती रोज करते आणि रोज तो हात तसाच उघडा राहतो. आज त्याची बोटं हलली आणि तिच्या बोटाभोवती अर्धीमुर्धी मिटली.

"आबा, इकडे बघा," ती म्हणाली. "लवकर बघा."