टकटक्याने वाजवलेला ओंडका

बहिणीचा निरोप अगदी साधा होता. दुकानात नवा ओंडका आलाय, त्याला लाकडी बैठक करून हवी, माप घेऊन जा. सुताराने टेप खिशात टाकला, पेन्सिल कानावर खोचली आणि दुपारचं जेवण उरकून निघाला.

या सुताराला सगळे टकटक्या म्हणत, आणि उगाच नाही. लाकूड दिसलं की बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचं, कान लावायचा आणि मगच बोलायचं, हा त्याचा खाक्या. दवाखान्यात गेला तरी आधी डॉक्टरांचं टेबल वाजवी. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, "असं करू, छाती मी बघतो, टेबल तुम्ही घरी घेऊन जा." "माझ्या बोटाला फसवेल असं लाकूड अजून उगवायचंय," असं तो ऐटीत सांगायचा. चार वर्षांपूर्वीपर्यंत सांगायचा. मग एकाएकी सांगायचा थांबला.

बहिणीचं दुकान दगडांचं. म्हणजे नवऱ्याचं, तो गेल्यावर ती चालवत होती. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर दगड झालेल्या गोगलगाईंची वेटोळी, पानांचे ठसे, कुणाकुणाचे दात. बाहेर आभाळ भरलेलं, आत एकच दिवा, आणि सगळीकडे दगडाच्या भुकटीचा तो कोरडा, घशात बसणारा वास.

"ये दादा. पाय जपून टाक, खाली माशांची पेटी आहे."

"जिवंत आहेत काय?"

"हो तर! कोट्यवधी वर्षं तुझीच वाट बघत पडलेत."

दोघं हसली. सुतार जरा लवकरच थांबला. कारण ओंडका मागच्या कोपऱ्यात उभा होता. बरोब्बर तिथेच, जिथे पूर्वी पोटमाळा होता.

दगड झालेल्या झाडाचा, कमरेएवढा उंच, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारा. बहिणीने बाटलीतून पाण्याचा फवारा मारला आणि दगडात झाड जागं झालं. वर्तुळं, गाठी, सालीच्या चिरा, सगळं जसंच्या तसं. बघता बघता सुताराचा हात सवयीने पुढे गेला. दगडावर वाजवायचं काय, हे डोक्यात येईतो बोट टेकलंसुद्धा.

भद्.

त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"काय झालं रे?"

"काही नाही... हे आतून पोकळ आहे का?"

"पोकळ? वेडा आहेस का? चौघांनी उचलून आणलाय." तिने हातातल्या बांगडीनेच ओंडका वाजवला. टण्ण. स्वच्छ, भरीव. "बघ."

त्याने पुन्हा वाजवलं. जरा खाली. भद्... भद्.

हा आवाज तो विसरला नव्हता. पोटमाळ्याची तुळई त्याने स्वतः निवडली होती, वखारीत दहा जणांसमोर, बोट वाजवून. बसवायच्या दिवशी पुन्हा वाजवली तेव्हा मधोमध ती भद् बोलली. किडीने पोखरलेली. मेव्हणा शिडीपाशी उभा राहून हसत विचारत होता, "काय सुतारबुवा, नीट आहे ना?" टकटक्याचं बोट फसलं, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्याच्याने बोलवेना. "ठणठणीत!" म्हणाला. आणि मेव्हण्याची पाठ वळल्यावर सरसात भुसा कालवून त्याने भोकं बुजवली, वरून रंग फासला.

तीन महिन्यांनी पोटमाळा खाली आला. मेव्हणा वरच होता. जमलेल्या लोकांना सुतार म्हणाला, "मी बजावलं होतं हो त्यांना, एवढे दगड वर नेऊ नका." हे बोलणं त्याच्या तोंडून कसं निघालं, ते त्याला आजही कळत नव्हतं. पण निघालं होतं आणि सगळ्यांनी खरं मानलं होतं.

आता कोपऱ्यात दगडाच्या वासाखालून दुसराच वास वर येत होता. ऊन ऊन सरसाचा.

"रोज फोटो पुसताना सुनावते मी त्यांना," बहीण बोलत होती. "माझा दादा घसा फोडून सांगत होता, म्हटलं, पण तुम्हाला हट्ट प्यारा. केलंत ना मला एकटं? एक दिवस चुकवला नाही मी." मग तिने ओंडक्यावर हात ठेवला. "याच्या शेजारीच माझी खुर्ची ठेवणार आहे. बोट लावून सांग बाबा... नीट आहे ना?"

सुताराने तोंड उघडलं. जिभेवर तोच शब्द तयार होता. तेवढ्यात त्याने जिथे बोट वाजवलं होतं, तिथून दगडातून बारीक पिवळा भुसा झरू लागला. आवाज न करता, त्याच्या चपलेवर.

त्याची मान खाली गेली. खाली बघतच तो सगळं बोलला. तुळई, सरस, रंग, लोकांसमोरचं खोटं. बोलून झाल्यावर त्याला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

बहीण रडली नाही. ओरडलीही नाही.

"म्हणजे... त्यांनी वजन जास्त टाकलंच नव्हतं?"

"नाही गं."

"आणि मी चार वर्षं... रोज..."

तिने पदर सावरला. सुताराकडे पाठ केली आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या छताकडे मान वर करून, बाहेरच्या कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "अहो... चुकलं माझं. उतरा ना आता खाली."

वरून लाकूड करकरलं.

सुताराने तो आवाज लगेच ओळखला. शिडीची वरची पायरी. ती शिडी त्यानेच बनवली होती, आणि अपघातानंतर त्यानेच तोडून तिचं सरपण केलं होतं. दुसरी पायरी. तिसरी. कुणीतरी सावकाश, तोल सांभाळत उतरत होतं. शिडीला सातच पायऱ्या होत्या. तो मोजत राहिला. पाच... सहा... सात.

आठवी करकरली.

नववी.

दहावीचा आवाज पायांखालच्या फरशीतून आला. त्यापुढचे त्याहून खालून. आणि बहीण अजून वरच बघत होती.