विष्णुपुरीच्या फ्लॅटमधली आतली खोली

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

बारा जानेवारी. सकाळी साडेदहा. निलंग्याच्या शरणप्पाला अहमदपूरच्या बसस्थानकावर फोन आला.

बायको गेली, जगदेवी. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

तो नांदेडला निघाला होता, विष्णुपुरीतला फ्लॅट बघायला. कॉलेजची पोरं भाड्याने ठेवायची आणि त्या भाड्यावर लेकीला, अंबिकाला, शिकवायचं, असं दोघा नवराबायकोनं ठरवलं होतं.

तो तिथूनच माघारी फिरला.

त्यानंतर त्या रस्त्याला त्याचं पाऊल पडेना. दोन महिन्यांनी विकणाऱ्याने तगादा लावला. शुक्रवारी खरेदीखत करा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे. शेवटी शरणप्पाने नांदेडच्या लिंबाजी मिस्त्रीला किल्ली घेऊन पाठवलं आणि व्हिडिओ कॉलवर घर बघायला बसला. शेजारी अंबिका.

भर दुपार होती. घर रिकामं. लिंबाजीने भिंती दाखवल्या, नळ सोडले. सगळं झकास, म्हणाला.

तेवढ्यात...

टक. टक. टक.

कोणीतरी फरशी ठोकत होतं.

"मालक, तुम्ही ठोकून राहिले का? तुमच्याकडून आवाज येऊन राहिला."

शरणप्पाचे दोन्ही हात मांडीवर होते.

जगदेवी माठ घेताना बोटाच्या पेराने ठोकून बघायची; टक वाजला तर पक्का, बद्द वाजला तर फुटका. निलंग्याचं घर बांधलं तेव्हा फरशी न फरशी तिने तशीच ठोकली. गवंडी हसायचे. काकू, यात पाणी भरायचं हाय का, म्हणायचे.

आवाज स्वयंपाकघरात गेला. मोरीजवळ...

बद्द.

तिथेच थांबला.

ती फरशी हलत होती. लिंबाजीने थापीने उचलली. खाली वाळू ओलीचिंब. फुटका पाइप नव्या फरशीखाली झाकून टाकलेला.

"अप्पा," अंबिका हळूच म्हणाली, "आई तीनदाच ठोकायची."

मग आतल्या खोलीतून...

बद्द. बद्द. बद्द.

लिंबाजीने फोन दाराकडे धरला. दाराला बाहेरून कडी होती.

"मालक, राग मानू नका. मी आत जात न्हाई."

शुक्रवार होऊन गेला. विकणारा पाइप बदलून द्यायला तयार आहे. दुसरा मिस्त्रीही मिळेल. पण परक्या माणसाला त्या खोलीत पाठवायला शरणप्पाचं मन घेत नाही. आणि आपण गेलो अन् काहीच ऐकू आलं नाही तर, या भीतीने पाय निघत नाही.

खरेदीखत झालेलं नाही. आतल्या खोलीची तपासणी राहिली आहे.