कातळसड्यावरचे चार घुमट

"माझा मॅप चोरला!"

मनस्वी ओरडतच ऑफिसात शिरली. एकोणीस वर्षांची पोरगी, पण आवाज एसटीच्या हॉर्नसारखा. राही सुर्वेने शांतपणे चहाचा कप बाजूला सरकवला. रत्नागिरीत खाजगी डिटेक्टिव्ह म्हणजे लग्नाआधीच्या चौकशा. असलं काही पहिल्यांदाच येत होतं.

"नकाशा? मग तलाठ्याकडं जा गो," बाळादा म्हणाला. हा राहीचा रिक्षावाला आणि जोडीदार.

"तो नकाशा नाय हो! गेमचा मॅप!" मनस्वीने कपाळावर हात मारला. "अंतराळातल्या लढाईचा गेम. आठ जण एकदम खेळतात. तळ बांधायचा, खनिज काढायचं, सैन्य सोडायचं. ज्या जमिनीवर लढतात ती जमीन मी बनवली. आठ महिने! नाव कातळसडा."

"मग चोरला कुणी?" बाळादाने विचारलं.

"ते कळलं असतं तर इथे आले असते?"

राहीने बाळादाला डोळ्यांनीच गप्प केलं. बाकीचं मनस्वीने एका दमात सांगितलं. गेमवाल्या कंपनीची स्पर्धा. जिंकणारा मॅप खऱ्या गेममध्ये येणार, बनवणाऱ्याच्या नावासकट. सकाळी ती मॅप टाकायला गेली तर उत्तर आलं: हा मॅप 'दर्या७' नावाने परवाच आलाय. तुमचा असेल तर संध्याकाळी सहापर्यंत सिद्ध करा, नाहीतर तुम्ही बाद.

"जुन्या फायली दाखव ना," राही म्हणाली.

"नाहीयेत! लॅपटॉप दमट हवेने मेला. मग ऋत्विकच्या कॅफेत बसून केलं, तर तो दर सोमवारी सगळे पीसी पुसतो. पेनड्राइव्हवर फक्त शेवटची फाईल आहे. आणि ती मी तिघांनाच खेळून बघायला दिली होती. ऋत्विक, श्रद्धा, ओमकार."

"तिघांना बोलव. कॅफेत."

साडेतीन वाजले होते.

कॅफेत राहीने मनस्वीचा आणि कंपनीने उत्तरासोबत पाठवलेला दर्या७चा, असे दोन्ही मॅप शेजारी शेजारी लावले. तांबड्या कातळाचं उघडं पठार, भरतीला भरणारी खाडी, मधोमध विषारी धूर ओकणाऱ्या भेगा. हिरवा धूर वाऱ्याबरोबर सतत उजवीकडे सरकत होता. धुरातून वाचायला सैनिकांनी घुमटांत लपायचं.

"दर दहा मिनिटांनी भरती. दोन्हीकडे सेम," मनस्वी दात खात म्हणाली. "झाडं सेम. दगड न् दगड सेम. फक्त माझे चार घुमट उजवीकडे आहेत, चोराने उचलून डावीकडे ठेवलेत. चोर तो चोर, वर शहाणा!"

बाळादा चोराच्या मॅपकडे बघत होता. "हा उजवीकडचा रस्ता बघ. चांगला रुंद. पुढं एवढं मैदान सपाट केलंय. आणि तिथं कायच नाय. सरकारी काम वाटतं."

मनस्वी वैतागून उठली. "इथे माझा जीव चाललाय आणि ह्यांना रस्ते सुचतायत!"

राहीने तो रस्ता परत एकदा बघितला. 

कॅफेवाला ऋत्विक आधीच चिडलेला होता. "माझ्याच पीसीवर बनवला, म्हणजे चोर मीच का? तुझ्या त्या झाडांनी माझे पीसी हँग होतात. निम्मी झाडं काढ म्हणून किती वेळा सांगितलं!"

श्रद्धा मूळची हर्णेची, वडिलांची होडी, स्वतः इथे हॉस्टेलवर. "मॅपमध्ये चूक काय?" राहीने विचारलं.

"भरती! रोज घड्याळ लावल्यासारखी येते का भरती? रोज थोडी पुढे सरकते. हे सांगितलं तर हिने सगळ्यांसमोर झापलं. म्हणे, हा तुझ्या बाबांचा समुद्र नाहीये!"

"नाहीच्चे!" मनस्वी तिथूनच ओरडली.

बाळादा राहीच्या कानाशी लागला. "हीच. हर्णेची, भांडलेली, आणि खात्याचं नाव दर्या. संपलं."

ओमकार शेवटी आला. लोट्याला केमिकल कंपनीत कामाला, सुट्टीला घरी आलेला.

"तुला काय चूक वाटली?"

"काहीच नाय. मस्त मॅप आहे."

तेवढ्यात बाहेर कुणीतरी पालापाचोळा पेटवला आणि धूर थेट कॅफेत घुसला. सगळे नाक दाबून मागच्या दाराकडे पळाले. धूरही त्यांच्या मागोमाग. ओमकारने समोरच्या दुकानाच्या फडफडत्या बॅनरकडे एकदा बघितलं आणि तो पुढच्या दाराने, आगीला वळसा घालून पलीकडे जाऊन उभा राहिला. त्याला ठसकासुद्धा लागला नाही.

सगळे खोकत परत आले तेव्हा सव्वापाच झाले होते.

"झालं?" मनस्वी रडकुंडीला आली होती. "पाऊण तास राहिला. गप्पा मारल्या सगळ्यांनी, बास."

"बस खाली," राही म्हणाली. "आधी मॅप कुणाचा ते. चोराच्या मॅपमध्ये उजवीकडे रस्ता जातो, पुढे सपाट मैदान. पण तिथे काहीच नाही. रिकाम्या जागेसाठी कोण रस्ता बांधतं? तिथे आधी घुमट होते. मनस्वीच्या मॅपमध्ये अजून आहेत. म्हणजे मनस्वीचा मॅप आधीचा, दुसरा त्याच्यावरून केलेला. ह्याचे फोटो कंपनीला पाठव."

मनस्वी टाईप करायला लागलीसुद्धा.

"आता चोर. माणूस दुसऱ्याची वस्तू उचलतो, आणि त्यात जे डोळ्यांत खुपतं ते दुरुस्त करतो. ऋत्विक असता तर झाडं कापली असती. श्रद्धा असती तर भरती सरकवली असती. दोन्ही जशीच्या तशी आहेत. बदलले फक्त घुमट. का?"

"का?" बाळादाने विचारलं.

"धूर उजवीकडे जातो आणि घुमटही उजवीकडे. म्हणजे जीव वाचवायला पळायचं ते धुराच्याच वाटेवर. आपल्याला त्यात काही वाटत नाही. मघाशी आपण तेच केलं. पण केमिकल कंपनीत गॅस सुटला तर काय करायचं हे घोकून घेतात. आधी वारा बघ, मग वाऱ्याच्या उलट जा. ज्याच्या अंगात ते भिनलंय, त्याला ते घुमट तिथे बघवलेच नाहीत. ओमकार, मॅपमध्ये काहीच चूक नाही असं तू एकटाच म्हणालास. कारण ती तू काढून टाकली होतीस."

ओमकारने मान खाली घातली. "दर्या नाव मुद्दाम घेतलं. श्रद्धावर जावं म्हणून."

"मेल्या!" श्रद्धा उठलीच.

"मला लोट्यातून सुटायचं होतं," तो म्हणाला. "जिंकलो असतो तर मग सांगणार होतो की दर्या७ म्हणजे मी."

"चूक दिसली तर मला सांगायची होतीस!" मनस्वी किंचाळली.

"श्रद्धाला कशी झापलीस ते बघितलं ना. कंपनीतल्या पोराचं तू काय ऐकणार होतीस?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याचाच तिला जास्त राग आला.

ओमकारने आपल्या खात्यातून कबुली पाठवली. पाच पन्नासला कंपनीचं उत्तर आलं: दर्या७ बाद. मनस्वीने शेवटची फाईल सहाच्या आत द्यावी.

ती पीसीसमोर बसली. मग तिने चारही घुमट एकेक करून डावीकडे नेले. रस्ताही वळवला. प्रत्येक क्लिक रागाने.

"हे माझं आहे," ओमकार हळूच म्हणाला. "घुमटांचं. माझं नाव टाकशील खाली?"

"परवा स्वतःच्या हाताने खातं उघडलंस," मनस्वी मागे न बघता म्हणाली. "तेव्हा स्वतःचं नाव लिहायला लाज वाटली. आता मी कशी लिहू?"

तिने आपलं नाव टाईप केलं आणि फाईल पाठवून दिली.