झरीच्या अलीकडे

जिंतूरचे कापसाचे व्यापारी चंद्रप्पा यांची मोटार गुरुपाद मिस्त्रीने मुळापासून पुन्हा बांधली होती. बेअरिंगे नव्याने ओतली, तेलाचा पंप बदलला. बोरी गावापर्यंत तेलाच्या दाबाचा काटा निश्चल उभा राही. पुढे झरी गावाच्या अलीकडे, दगडी मोरीपाशी, तो शून्यावर येऊन पडे. तेल न पोचलेले इंजिन ठोके देऊ लागते. हे मात्र झोपलेल्या माणसासारखे संथ श्वास घेत राही.

याच मोरीवर गेल्या वर्षी इंजिन जागच्या जागी आवळून बंद पडले होते. मागच्या बैठकीवर चंद्रप्पांची एकुलती लेक शिवम्मा बाळंतकळा सोशीत होती. परभणीचा दवाखाना दूरच राहिला. लेक पोटातल्या जिवासकट तिथेच गेली. लिंगायत रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली.

"आता कोणाला न्यायचंय, मालक?" गुरुपादने काम घेताना विचारले होते.

"कोणाला न्हाई. एकदा मोटर परभणीला पोचली पाह्यजे. मग मोडून खा तिला."

आज गुरुपादने काट्याशेजारी तेलाच्या दाबाचे दुसरे मीटर जोडले होते. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांत गाड्यांवरून उडालेला कापूस अडकला होता. दुपारचे ऊन त्यावर थकून बसले होते. मोरी आली. दोन्ही काटे एकदमच खाली आले.

इंजिन चालू ठेवून तो उतरला, पुढचे झाकण उघडले, मीटरची नळी सोडवली. नळी कोरडी.

"मिस्त्री, इंजिन बांधलंस का अडेल बैल?" चंद्रप्पा आतूनच म्हणाले.

"तेल हाय, मालक. वर येईना गेलंय. ठोका बी न्हाई. माझी अक्कल सरली."

"म्हंजे बिघडलं न्हाई. थांबायलंय."

ते उतरले. धोतराचा सोगा सावरत मागे गेले आणि मागचे दार उघडून धरले.

"काय करायलाव, मालक?"

"लय जड हाय हे दार. तिला आता जोर न्हाई लागायचा."

गुरुपादच्या तळहातावर काहीतरी गरम पडले. नळीतून तेल येत होते.

चंद्रप्पांनी दार लगेच लावले नाही. रिकाम्या बैठकीकडे पाहून ते हळूच म्हणाले, "सावकाश, माय."

नळी पुन्हा जोडून निघाल्यावर काटा ढळला नाही. परभणीची घरे दिसू लागली.

दवाखान्याच्या फाटकाशी काटा पुन्हा पडला.

या वेळी मागच्या दारासाठी गुरुपाद स्वतः उतरला. त्याने दार उघडले, वाट पाहिली. आत काटा चढला.

"पोचली," चंद्रप्पा म्हणाले. एवढेच. इंजिन तसेच चालू होते आणि मालक उतरून, फाटकाकडे तोंड करून, हात जोडून, दिवे लागेपर्यंत उभे राहिले.

परतायला म्हणून दोघे मोटारीत बसले.

काटा शून्यावर होता.

गुरुपादने मालकांकडे पाहिले. मालक उतरले, मागचे दार उघडून बाजूला झाले.

मागच्या कातडी गादीत सावकाश एक खोलगट ठसा उमटला. मग त्याच्या कुशीशी, वीतभर, उथळ, दुसरा.

काटा वर आला.

चंद्रप्पांनी दार लावले. जराही आवाज होऊ न देता.