टिंबांची ओळ

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगते. भर दुपारची आहे. रविवार होता, सव्वातीन वाजले होते, खिडक्या सताड उघड्या होत्या आणि खाली कोणीतरी गाडी धूत होतं.

माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे. शेवटचा भाग तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय. मीठमसाला लावून सांगायची मला सवय नाही. उलट थोडं गाळूनच सांगतेय.

तिला घरात आम्ही बारकी म्हणतो. चणीने बारीक, म्हणून बारकी. फिल्म शिकवणाऱ्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून तिची ताई.

त्या रविवारच्या आठ महिने आधी माझी मावशी, म्हणजे बारकीची आई, गेली.

स्वयंपाकघरात. दुपारीच.

बारकी तेव्हा बाहेरच्या खोलीत कॉलेजचं काहीतरी एडिट करत बसली होती. कानाला हेडफोन, स्वयंपाकघराकडे पाठ. मावशी आतून काहीतरी म्हणाली. बारकीने मान वर न करता ‘हं’ केलं. पाऊण तासाने पाणी प्यायला उठली, तेव्हा मावशी ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. दमून बसावं तशी.

डॉक्टर म्हणाले, मिनिटांचा खेळ होता, धावत गेली असतीस तरी उपयोग नव्हता. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं.

बारकी रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. पोरगी म्हणजे दगड आहे, असं नातेवाईक आपापसात म्हणाले. तिला नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात.

तिला एकच गोष्ट कुरतडत होती. आई काय म्हणाली होती? साधंसुधं काही म्हणाली असेल तर ठीक. पण हाक मारली असेल तर? मदतीला ये म्हणाली असेल आणि आपण नुसतं ‘हं’ केलं असेल तर?

एकदाच मला म्हणाली, “ताई, मला वाईट वाटत नाही गं. काहीच वाटत नाही. फक्त ती ओळ हवीय.”

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक बारा मिनिटांची फिल्म करावी लागते. बारकीने तीच दुपार लिहून काढली. सरांना आवडली. फक्त शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथे असं होतं :

आई (आतून) : . . . . . . . .

मुलगी (पाठमोरी) : हं.

सर म्हणाले, टिंबांना अभिनय करता येत नाही, ओळ लिही. बारकीने एकोणीस ओळी लिहिल्या. चहा टाकू का. जरा इकडे ये. दार लावून घे. एकोणीसच्या एकोणीस खोडल्या. खोटं लिहायला हात धजेना, आणि खरं माहीत नव्हतं. टिंबं तशीच राहिली.

शूटिंगला तेरा दिवस होते.

जागा शोधायची गरज नव्हती. त्यांचं जुनं घर रिकामं पडलं होतं. मावशी गेल्यावर काकांना, म्हणजे बारकीच्या वडिलांना, त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकवेना, म्हणून दोन गल्ल्या सोडून लहानसं घर भाड्याने घेतलं होतं. बारकीने जुन्या घराची किल्ली मागितली. कशाला हवी, हे काकांनी विचारलं नाही. नळ नीट बंद करा, एवढंच म्हणाले.

शूटिंगच्या आधी सगळे एकदा प्रत्यक्ष जागेवर जातात. कोण कुठे बसणार, ऊन किती वाजता कुठे येतं, ते बघतात. मग घड्याळ लावून सगळी स्क्रिप्ट वाचून काढतात, म्हणजे फिल्म किती मिनिटांची होईल ते कळतं. बारकीला तीन ते चारचंच ऊन हवं होतं. म्हणून रविवारी दुपारी तिघं गेली.

बारकी. आईचं काम करणाऱ्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, हौसेने नाटकात कामं करायच्या. आणि आवाजाचं काम बघणारा बारकीचा वर्गमित्र. तानसेन नाही तर निदान कानसेन तरी, म्हणून कॉलेजात त्याला सगळे कानसेनच म्हणायचे. मुलीचं काम करणारी पोरगी परीक्षेमुळे आली नव्हती. तिच्या ओळी बारकीच वाचणार होती.

कानसेनने आधी प्रत्येक खोलीत जाऊन एक टाळी वाजवली. ही त्याची पद्धत. रिकामी खोली घुमते. भरलेल्या खोलीत टाळी तिथल्या तिथे विरते.

बाहेरची खोली घुमली. झोपायची खोली घुमली. मोरीसुद्धा घुमली.

स्वयंपाकघरात त्याने टाळी वाजवली...

काहीच नाही. टाळी वाजली आणि तिथेच संपली.

त्याने पुन्हा वाजवली. मग बारकीला विचारलं, इथलं सामान नेलंय ना सगळं? ती म्हणाली, बघतोयस की. ओटा होता, खिडकी होती, चार भिंती होत्या. बाकी मांजर लपायलाही जागा नव्हती.

“मग घुमायला हवं,” तो म्हणाला. “ही खोली रिकामी असल्यासारखी वाजत नाहीये.”

बारकीने त्याच्याकडे बघितलं आणि हातातली यादी पुढे वाचायला लागली.

मग जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवून बाईंची जागा ठरवली. ओट्यापाशी, खिडकीच्या डाव्या बाजूला. बाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. बारकी बाहेर जाऊन वळून बघते, तर बाई पट्टीपासून हातभर लांब. तिने पुन्हा जागेवर उभं केलं. बाई पुन्हा सरकलेल्या. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा बाई जरा ओशाळून म्हणाल्या, वर्गात पन्नास मुलांना ओळीत उभं केलं गं मी जन्मभर, आणि आज मलाच उभं राहता येईना. इथे दाटी होतेय.

एवढ्या मोठ्या रिकाम्या खोलीत दाटी...

बारकीने पट्टी उखडली आणि हातभर लांब चिकटवली. तिला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसांत तिला कशाचंच काही वाटायचं नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी वाचन सुरू झालं. कानसेनने स्वयंपाकघरात माईक लावला आणि बारकीच्या कानाला हेडफोन दिले. आतला आवाज बाहेर बसलेल्या मुलीला कसा येतो, ते तूच ऐक म्हणाला. बारकी बाहेरच्या खोलीत बसली. स्वयंपाकघराकडे पाठ करून. स्क्रिप्टमध्ये तसंच होतं.

टिंबांचं आधीच ठरलं होतं. तिथे बाईंनी मनात पाच आकडे मोजायचे आणि गप्प राहायचं. मग बारकीने ‘हं’ म्हणायचं.

वाचन छान चाललं होतं. बाईंचा आवाज हेडफोनमध्ये स्वच्छ येत होता. पान उलटल्याचंही ऐकू येत होतं. सव्वातीनला शेवटचं पान आलं.

टिंबं आली.

बाई गप्प झाल्या.

एक. दोन. तीन...

“येते गं मी.”

“ये,” बारकी म्हणाली, आणि पुढची ओळ वाचायला लागली.

पुढच्या चार ओळी तिने वाचल्या. मग तिच्या लक्षात आलं, की कानसेन समोर येऊन हात हलवतोय. तिने हेडफोन काढले. बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या.

कानसेन म्हणाला, इथे ‘हं’ आहे. तू ‘ये’ म्हणालीस.

बारकी म्हणाली, “मग काय म्हणणार? आई ‘येते’ म्हणाली ना.”

‘बाई’ म्हणाली नाही. ‘आई’ म्हणाली. तिघांनाही ते ऐकू गेलं.

“मी तोंडसुद्धा उघडलं नाही,” बाई म्हणाल्या.

कानसेनने रेकॉर्डिंग लावलं. टिंबांच्या जागी आवाज नव्हता. सात सेकंद नुसती शांतता, आणि मग बारकीचं ‘ये’. अगदी सहज. घरातलं माणूस कोपऱ्यावर दुधाची पिशवी आणायला निघालं, की आपण मान वर न करता म्हणतो तसं.

त्याने परत लावलं. परत तेच. पण या वेळी त्याने भुवया आक्रसल्या, आणि उठून स्वयंपाकघरात गेला. त्याने टाळी वाजवली...

खोली घुमली. बाहेरच्या खोलीपेक्षाही जास्त घुमली.

बाईंनी पर्स उचलली. जिन्यात त्यांनी बारकीचा हात धरला, तो खालपर्यंत सोडला नाही. बारकीने मात्र परत वर जाऊन नळ तपासला. काकांनी सांगितलं होतं ना.

त्या संध्याकाळी तिने मला फोन केला. आवाज नेहमीसारखाच, सपाट. म्हणाली, ताई, मिळाली ओळ. त्या दिवशी मी ‘हं’ म्हटलंच नव्हतं. ‘ये’ म्हटलं होतं. आई ‘येते गं मी’ म्हणाली, आणि मला वाटलं, खाली काही आणायला चाललीय.

मी म्हटलं, म्हणजे तिने तुला हाक मारली नव्हती, बारके. मदत मागितली नव्हती. सांगून गेली ती.

“हो,” ती म्हणाली. “मला बरं वाटायला हवं ना?”

फोनवर मीच रडले. ती मी शांत होईपर्यंत थांबली आणि मग शूटिंगच्या दिवशी सामान न्यायला येशील का, ते विचारलं.

आता माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट सांगते. आपण घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही. निघतो, आणि म्हणतो ‘येते’. पण येणारं माणूसही ‘येते’च म्हणतं. शब्द एकच. त्या रविवारी मावशी कुठल्या अर्थाने म्हणाली होती? स्वयंपाकघर रिकामं झालं, म्हणजे ती तिथून निघाली एवढं खरं. पण निघून गेली कुठे? आणि बारकीने तर तिला ‘ये’ म्हटलं होतं.

शूटिंगच्या दिवशी सकाळी सातला मी त्यांच्या नव्या घरी पोचले. काका आधीच टेम्पोबरोबर जुनं घर उघडायला गेले होते. घरात आम्ही दोघीच. मी दिव्यांची पिशवी घेऊन जिन्यात उभी होते. बारकीच्या कानाला हेडफोन होते. रविवारचं वाचन ती पुन्हा एकदा ऐकत होती. खांद्याला बॅग, दातांत किल्ली, हातात स्क्रिप्ट. शेवटचं पान वर होतं. टिंबं खोडून तिथे पेनाने ओळ लिहिली होती.

तिने किल्ली हातात घेतली. दार ओढताना सवयीने आत बघून म्हणाली, “येते.”

आत कोणी नव्हतं. मी सगळं घर बघून बाहेर आले होते.

आतून, स्वयंपाकघराकडून...

“ये.”

मावशीचा आवाज मला ओळखू येणार नाही का? तिच्या अंगाखांद्यावर वाढले मी. जरासा घाईतला, हात कामात असल्यासारखा आवाज होता. रागाचा नव्हता. दुःखाचाही नव्हता.

बारकीने दार ओढलं, किल्ली फिरवली, कुलूप दोनदा खेचून बघितलं आणि जिना उतरायला लागली. तिच्या कानाला हेडफोन होते. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

मी पिशवी धरून वरच उभी राहिले. खालून तिने विचारलं, “ताई, जड झाली का पिशवी?”

मी मानेनेच नाही म्हटलं.

शूटिंग दोन दिवसांत पार पडलं. काही विपरीत घडलं नाही. स्वयंपाकघर दोन्ही दिवस घुमत राहिलं, कानसेनला भिंतींना गोधड्या टांगाव्या लागल्या. फिल्म चांगली झाली, सर खूश झाले. कॉलेजात दाखवली तेव्हा आईच्या त्या ओळीला माझ्या शेजारची अनोळखी बाई डोळे पुसत होती. बारकी मागे उभी राहून आवाज जास्त होतोय का ते बघत होती.

याला आता वर्ष होईल. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

सांगितलं तर ती दाराशी बसून राहील, कान लावून. कामधंदा सोडून. आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही तर? तिला कोणत्या तोंडाने सांगू, की तुझ्या आईचं बोलणं पुन्हा हुकलं? आणि न सांगावं, तर बारकी रोज सकाळी दाराशी ‘येते’ म्हणते आणि कान झाकून निघून जाते. आत रोज कोणी उत्तर देत असेल...

असल्या अनुभवांची पानं ती वाचत नाही. म्हणून इथे लिहितेय.

परवा काकांनी जेवायला बोलावलंय. मी जाणार आहे. पण निघताना दाराशी काय म्हणायचं, ते मात्र अजून ठरत नाही.